धकाते मास्तरांचा खोका

धकाते मास्तरांसमोर ‘बॅटरी मेली’ असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर मास्तर हातातलं काम खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि खुनाच्या तपासाला आल्यासारखे विचारत, "कोणी मारली?"

उत्तर मिळेपर्यंत ते सोडत नसत. पाणी कधी टाकलं होतं? नळाचं की डिस्टिल्ड? चार्जिंगला लावून सिनेमाला कोण गेलं होतं? विद्यार्थी हळूहळू घाम पुसायला लागत. मग मास्तर त्या बॅटरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "बॅटरी आपल्या मनानं मरत नाही गा. कोणी उपाशी ठेवून मारते, कोणी कोंबून कोंबून मारते. हिले पोटभर आणि वेळेवर पाहिजे. तुले नाही पाहिजे का?"

ऐंशीच्या दशकात मी नागपूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये विद्युत विभागाची लेक्चरर म्हणून रुजू झाले. तिथे धकाते मास्तर प्रयोगशाळा सहायक होते. शिक्षण मॅट्रिक आणि आयटीआय. ‘मास्तर’ ही पदवी विद्यार्थ्यांनी दिलेली. विभागातले बाकी लेक्चरर त्यांना नुसतं ‘धकाते’ म्हणत, आणि मीटर बिघडला की ‘धकातेजी’. घराणं उमरेडच्या विणकरांचं. वडिलांचा माग बंद पडला तेव्हा सगळं कुटुंब नागपुरात आलं आणि नंदनवन वस्तीत राहू लागलं. मास्तर सुताऐवजी तारेत रमले.

ठेंगणे, काळेसावळे, शर्टाला कडक इस्त्री. खिशात लोक पेन लावतात तिथे त्यांचा हायड्रोमीटर असे, म्हणजे बॅटरीतलं ॲसिड किती दमदार आहे ते सांगणारी काचेची नळी. पँट मात्र कायम ॲसिडच्या थेंबांनी भोकं पडलेली, आणि प्रत्येक भोक त्यांच्या आईनं रफू केलेलं. रफू इतका सुरेख, की एकदा आमच्या विभागप्रमुखांनी मास्तरांना विचारलं होतं, हे बुट्टीचं कापड कुठं मिळालं म्हणून.

मी आले तेव्हा आमच्या स्टोअरच्या कपाटात एक सौर पॅनेल आठ महिने खोक्यात बंद पडून होतं. कुठल्याशा योजनेतून आलं होतं, महाग होतं, आणि फुटलं तर जबाबदार कोण, या प्रश्नावर सह्या अडल्या होत्या. मी नवीन, म्हणून मला विचारलं. मी घाबरले. तेवढ्यात मागून मास्तरांचा आवाज आला, "द्या इकडं, मी करतो सही. फुटलं तर पगारातून कापा. पण सूर्याची वस्तू अंधारात ठेवता, हे काही बरं नाही बाप्पा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते गच्चीवर मांडलं. शेजारी दोन मीटर आणि एक रिओस्टॅट, म्हणजे दांडा सरकवून विजेची वाट कमी-जास्त अडवणारं यंत्र. मला म्हणाले, "मॅडम, तुमी पुस्तकात शिकल्या असान. आता याले विचारून पाहू."

रिओस्टॅटचा दांडा सरकवत ते मला आकडे वाचायला लावत होते. तारा मोकळ्या असताना व्होल्टेज वीस, करंट शून्य. "गुणाकार?" शून्य. मग दोन्ही टोकं सरळ जोडली. करंट भरपूर, व्होल्टेज शून्य. "गुणाकार?" पुन्हा शून्य.

"म्हणजे दोन्ही टोकाले काही नाही. आता मधात पाहा."

मधे कुठे तरी, सोळा-सतरा व्होल्टच्या आसपास, गुणाकार, म्हणजे हाती येणारी वीज, सगळ्यात मोठा आला. पुढे सरकवला की कमी, मागे आणला की कमी. मी सूत्र शिकले होते, आलेख काढले होते, परीक्षेत गुणही मिळवले होते. पण आपल्या हाताखाली तो उंचवटा लागतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"आता गंमत पाहा," मास्तर म्हणाले. "बॅटरी बाराची. पॅनेलले सरळ बॅटरी जोडली, की बॅटरी त्याले खाली ओढते. ये म्हणते माझ्याजवळ, बारा-तेरावर. पॅनेलचा जोर आहे सतरावर. त्यानं मग चार आणे काम घरीच ठेवलं, दिलंच नाही. विहिरीवर मोठी बादली बांधली तर ओढवत नाही, वाटी बांधली तर दिवस पुरत नाही. ज्याचा जसा दम, तशी बादली पाहिजे. मधात एक असा खोका पाहिजे, जो पॅनेलले सतरावर उभं राहू देईन, आणि बॅटरीले तिचं बारा-तेरावरचं खाणं, पण जास्त वाढून, देईन."

असा खोका परदेशात बनतो, असं मी कुठे तरी वाचलं होतं. तसं सांगितल्यावर मास्तर खूश झाले. "म्हणजे बनते! मले वाटलं होतं बनत नसन."

खोक्यासाठी एक कॉइल लागत होती. जुन्या टीव्हीतून काढलेल्या काळ्या गाभ्यावर तांब्याची तार अगदी एकसारखी गुंडाळायची. वेढे सैल पडले की कॉइल डासासारखी किणकिणे आणि तापे. विभागात तिघांनी प्रयत्न केले. तिघांच्याही कॉइली किणकिणल्या. मग मास्तर तार-गाभा घरी घेऊन गेले, आणि कुतूहलानं मीही बरोबर गेले.

ओसरीवर त्यांच्या आई बसल्या होत्या. सत्तरीच्या, पण नजर सुईसारखी. आयुष्यभर त्यांनी मागासाठी सूत गुंडाळून कांड्या भरल्या होत्या. मास्तरांनी गाभा आणि तार पुढे ठेवली. "माय, बहात्तर वेढे. एकावर एक चढला नाही पाहिजे. मधात जोड चालत नाही."

"सुताले गाठ मारता येते," म्हातारी माझ्याकडे पाहून म्हणाली, "अन् ह्याच्या तारेले नाही म्हणते. हे कसलं वं कापड?"

तिनं ते हाती घेतलं आणि आमच्याशी गप्पा मारत, माझं लग्न झालं का, सासर कुठलं, हे विचारत, न पाहता बहात्तर वेढे घातले. मी मोजले. बहात्तरच भरले. ती कॉइल कधी किणकिणली नाही. मास्तरांनी त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली, ‘आई, नं. १’. पुढे नंबर वाढत गेले.

उमरेडच्या पलीकडे, रस्त्याला लागून, एका गावात आरोग्य उपकेंद्र होतं. तिथे सौर पॅनेलवर चालणारा लशींचा छोटा फ्रिज बसवला होता. गच्चीवर दोन पॅनेल, खोलीत बॅटऱ्या, आणि सगळ्याची मालकीण कुसुम सिस्टर. तीस-बत्तीसची, गावातलीच शेतकऱ्याची मुलगी, बोलण्यात तिखट. गावात वीज होती, पण ती यायची पाहुण्यासारखी, म्हणून हा फ्रिज. आषाढ लागला आणि बॅटऱ्यांचं पोट भरेना. आठवड्यातून दोन दिवस फ्रिज बंद पडे. मग कुसुम सिस्टर लशी बर्फाच्या डब्यात भरून, एसटीनं उमरेडला पोचवून येई, आणि त्या दिवशी आलेल्या बायका लेकरं कडेवर घेऊन परत जात.

खात्याचे इंजिनिअर सबनीस साहेब येऊन पाहून गेले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना निर्णय लवकर लागत. ‘जागा अयोग्य’ असा शेरा त्यांनी तयार ठेवला. पॅनेल काढून एका विश्रामगृहावर बसवायची, असं ठरत होतं. कुणीतरी आमच्या पॉलिटेक्निकचं नाव सुचवलं म्हणून शेवटचा उपाय म्हणून आम्हाला पत्र आलं. पत्र विभागप्रमुखांना, त्यांनी ते मला दिलं, मी मास्तरांना.

मास्तरांनी तिथे जाऊन आधी बॅटऱ्यांचं ॲसिड तपासलं, फ्रिजच्या दाराचं रबर दाबून पाहिलं, आणि मग कुसुम सिस्टरला विचारलं, "काहून वं बाई, उपाशी ठेवतं का यायले?"

"मी ठेवून राहिली का?" ती फणकारली. "ढग ठेवून राहिले. त्यायले विचारा."

मास्तर हसत सुटले. दोघांचं तिथेच जमलं.

त्यांचा खोका तेव्हा अर्धाच तयार होता. त्याला एक बटन होतं, रेडिओला असतं तसं फिरवायचं, आणि बॅटरीत किती करंट जातोय ते दाखवणारा एक काटा. मास्तरांनी सगळं शास्त्र एका वाक्यात सांगितलं, "बटन फिरवत राहायचं, अन् काटा सर्वात वर जाईन तठी सोडून द्यायचं."

"बस?"

"बस. सूर्य चढला, उतरला, की परत पाहायचं."

कुसुम सिस्टर दिवसातून पंधरा वेळा बटनाला हात लावू लागली. इंजेक्शन दिलं, बटन. रजिस्टर लिहिलं, बटन. दोन आठवड्यांत बॅटऱ्या सुधारल्या. फ्रिज सलग चालू लागला. सबनीस साहेबांना कळवलं, तर ते म्हणाले, नर्सनं बटन फिरवत बसायचं का? आपोआप चालत असेल तर बोला. पोळा झाल्यावर मी येतो, तेव्हा दाखवा.

मास्तर कामाला लागले. खोका स्वतःच बटन फिरवेल, असं सर्किट त्यांनी जुळवलं. युक्ती सोपी होती. खोक्यानं एक पाऊल पुढे टाकायचं. करंट वाढला तर त्याच दिशेनं अजून एक पाऊल, कमी झाला तर उलटं वळायचं. आमच्या गच्चीवर, लख्ख उन्हात, तो खोका इतका शहाण्यासारखा वागला, की विभागप्रमुखांनी स्वखर्चानं सगळ्यांना तर्री-पोहे खिलवले.

पोळ्यानंतरच्या त्या दिवशी मात्र आभाळात कापसाचे ढग पळत होते. सबनीस साहेब अकराला जीपनं आले. मास्तरांनी खोका जोडला. काटा वर चढला. साहेबांनी मान डोलावली. आणि ढग आला.

ढगामुळे करंट पडला. खोक्याला वाटलं, आपलं पाऊल चुकलं. तो उलटा वळला. तिकडेही करंट पडतच होता, तो पुन्हा वळला. ढग सरकला, ऊन आलं, करंट वाढला, आणि खोका चुकीच्या दिशेनं चालत असतानाही त्याला वाटलं, वा, आपण बरोबर चाललोय! तो तसाच चालत सुटला. काटा दारू प्यायल्यासारखा डुलायला लागला. पाऊण तासात दहा ढग आले आणि खोका दहाही वेळा फसला.

"धकाते," सबनीस साहेब शेवटी म्हणाले, "यापेक्षा सरळ तार बरी होती. सॉरी. मी सरपंचांकडे जेवून येतो, चारला निघायचंय. महिनाअखेर पॅनेल काढून घेऊ."

जीप गेली.  ओट्यावर बसून मास्तर नुसते खोक्याकडे पाहत होते.  आम्ही तिघंच होतो, आणि फ्रिजची बारीक घरघर.

कुसुम सिस्टर पाण्याचा तांब्या घेऊन आली. मास्तरांपुढे ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, रागवू नका. तुमचा खोका घाई करते."

"म्हणजे?"

"मी नाही करत तशी घाई. मी आधी काट्याकडं पाहतो. मी हात नाही लावला तरी तो आपल्या आपण हालून राहिला, तं मी समजतो, ढग चालू आहे. मंग मी बटनले हातच नाही लावत. काटा थांबला, की मंग फिरवतो. हालत्या काट्यावर काय समजते माणसाले, मी हालवला का ढगानं?"

मास्तरांनी तांब्या तसाच खाली ठेवला. "पुन्हा सांग वं बाई."

तिनं पुन्हा सांगितलं. मास्तर उठून उभे राहिले. "मॅडम! ऐकलं का? हात लावायच्या आधी पाहाचं! मी त्याले चालणं शिकवलं, थांबणं शिकवलंच नाही!"

मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. खोक्यातल्या एका चिपमध्ये चार भाग होते, त्यातला एक रिकामा होता. मास्तर म्हणाले, त्यालाच पहारेकरी करू. करंट आपोआप बदलत असेल, तर त्यानं पाऊल अडवून धरायचं. पण त्यासाठी दोन कपॅसिटर आणि तीन-चार रेझिस्टर लागत होते, आणि नागपूर दोन तासांवर.

मास्तरांची नजर खिडकीतल्या ट्रान्झिस्टर रेडिओवर गेली. तो कुसुम सिस्टरचा. दुपारच्या गाण्यांवर तिचा जीव होता.

"नाही हं," ती म्हणाली.

"बाई, नवीन आणून देतो."

"तुमी नवीन आणसान तवा आणसान. आज बुधवार आहे. माहा कार्यक्रम आहे."

 तिनं एकदा फ्रिजकडे पाहिलं, एकदा रेडिओकडे, आणि स्वतःच उचलून तो मास्तरांच्या मांडीवर ठेवला. "काढा लवकर. मी पाहत नाही." आणि खरंच तोंड फिरवून उभी राहिली.

वीज नव्हती, म्हणून सोल्डरचा डाग द्यायचं लोखंड रॉकेलच्या स्टोव्हवर तापवलं. मी वायर धरल्या, सिस्टरनं तिच्या चिमट्यानं सुटे भाग धरले, अगदी टाका घालताना धरावेत तसे. मास्तर पुटपुटत होते, "थांब म्हणजे थांब. गडबड नाही पाहिजे." साडेतीनला खोक्याचं झाकण बसलं.

साहेब सुपारी चघळत आले. मास्तरांनी तारा जोडल्या. काटा चढला आणि बसला. आता आम्ही सगळे आभाळाकडे पाहायला लागलो. सकाळी ज्या ढगांना शिव्या दिल्या, त्यांची आता वाट पाहत होतो. पाच मिनिटं एकही फिरकेना. कुसुम सिस्टर म्हणाली, "पाहा, आता लाजून राहिले."

आणि एक आला, चांगला मोठा. काटा उतरला. खोका गप्प. काटा खाली खाली गेला, थांबला, मग खोक्यानं एक पाऊल टाकून पाहिलं, अजून एक, आणि स्थिर झाला. ढग सरला. काटा वर चढत असताना खोका पुन्हा गप्प. ऊन पक्कं झालं तेव्हा आतून बारीक टक असा आवाज आला, आणि काटा पाचवर जाऊन उभा राहिला.

"सरळ तार जोडा," साहेब म्हणाले. मास्तरांनी जोडली. सव्वाचार.

"म्हणजे फरक पाऊणचा. एवढाच?"

"एवढाच, साहेब," मास्तर म्हणाले. "अन् खरं सांगतो, मे महिन्यात तं एवढाही राहणार नाही. पॅनेल तापलं की त्याचा जोर उतरते, खोक्याले काम उरत नाही. पण आता जे दिवस अडले आहेत ना, त्यायले हा पाऊणच कमी पडून राहिला होता."

स्वतःच्या वस्तूबद्दल असं बोलणारा माणूस सबनीस साहेबांना बहुधा नवीन असावा.  आणखी तीन ढग त्यांनी उभ्यानंच पाहिले. चार वाजून गेले, जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. मग त्यांनी विचारलं, "सकाळी हे का नाही केलं?"

"सकाळी माहीत नव्हतं. बाईनं आत्ता सांगितलं."

कुसुम सिस्टर एकदम पदर सावरून उभी राहिली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिला ‘अहो’ म्हणून सगळं पहिल्यापासून विचारलं. तिनं न अडखळता सांगितलं. निघताना साहेब म्हणाले, पॅनेल इथंच राहू द्या. आणि असे अजून दोन खोके मला बनवून द्या.

जीप वळणाआड गेल्यावर मास्तर ओट्यावर बसले, तांब्या उचलला आणि एका दमात रिकामा केला.

अहवाल इंग्रजीत मी लिहिला. सही लेक्चररचीच चालते, असा नियम होता, त्यामुळे मला फार संकोच झाला. मी म्हटलं, "मास्तर, तुमचं काम आणि नाव माझं, हे मला पटत नाही." ते हसले. "तुमचं असू द्या. मात्र आत लिहा, की थांबायची अक्कल उपकेंद्राच्या सिस्टर कुसुम यायनं दिली. तेवढं खोडू देऊ नका." विभागप्रमुखांनी ते वाक्य खोडलं. मी पुन्हा टाइप केलं. त्यांनी पुन्हा खोडलं. तिसऱ्या वेळी मास्तर स्वतः त्यांच्या केबिनमध्ये गेले. आत काय बोलणं झालं ठाऊक नाही, पण वाक्य राहिलं, आणि त्यानंतर विभागप्रमुख त्यांना मीटर बिघडलेला नसतानाही ‘धकातेजी’ म्हणू लागले.

रेडिओ मास्तरांनी पुढच्याच रविवारी पोचवला. नवीन नव्हे, तोच जुना, दुरुस्त करून. सिस्टरची तक्रार अशी, की आता त्यावर आकाशवाणीबरोबर आणखी कुठकुठली स्टेशनं लागतात आणि तिला चिनी भाषा ऐकायची हौस नाही.

पुढे माझी बदली अमरावतीला झाली. मास्तर पत्रं लिहिणाऱ्यांतले नव्हते. तीन-चार वर्षांनी एका लग्नाहून मी भिवापूरकडून नागपूरला एसटीनं परतत होते. दुपारची वेळ. बस त्या गावाच्या थांब्यावर उभी राहिली, म्हणून मी सहज उपकेंद्राकडे पाहिलं. गच्चीवर मास्तर होते. निवृत्त झाले असावेत. केस पूर्ण पांढरे, शर्टाची इस्त्री मात्र तशीच. खांद्यावरचा दुपट्टा ओला करून ते एकेक पॅनेल पुसत होते. खालून कुसुम सिस्टर काहीतरी ओरडून सांगत होती आणि ते वरून तितक्याच जोरात उत्तर देत होते. मी खिडकीतून हाक मारली, पण कंडक्टरनं घंटी दिली आणि इंजिनच्या आवाजात माझी हाक कुठे गेली कळलं नाही.

बस सुटली. मी मान वळवून पाहत राहिले. पुसून झालं तसे मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले, चमकणाऱ्या काचेकडे समाधानानं पाहत. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की आपली सावली पॅनेलवर पडली आहे. ते झटकन दोन पावलं बाजूला झाले.